गवा अचानक समोर आला, अकरा फोटो काढले, सगळे हलले. काय चुकलं?

पाणंद (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यातला प्रसंग. पहाटे सव्वासहाचा सुमार, जंगलातली पायवाट, मी आणि एक मित्र. पाखरांसाठी निघालो होतो, त्यामुळे १००-४०० मिमीची झूम लेन्स लावलेलीच होती. एक वळण घेतलं आणि समोर गवा. एकटाच होता, मोठा नर, पायांतले पांढरे मोजे त्या अंधुक उजेडातही उठून दिसत होते. अंतर साधारण ३० मीटर असावं. मी जागच्या जागी थांबलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो काढत राहिलो. थोड्या वेळानं तो जोरात फुरफुरला. मित्रानं माझा दंड धरून मला मागे ओढलं, आम्ही वळणाआड झालो आणि तो उतारावरून खाली निघून गेला. कोणालाही काही झालं नाही.

घरी येऊन पाहिलं तर अकराही फोटो हललेले. शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००, लेन्स पूर्ण ४०० वर, फुल फ्रेम कॅमेरा. फांदीवर निवांत बसलेल्या पाखरासाठी लावलेल्या सेटिंग तशाच राहिल्या होत्या. असं जनावर एकाएकी समोर आलं तर कोणत्या सेटिंग तयार ठेवाव्यात? जाणकारांनी कृपया सांगावं. मला ही संधी पुन्हा हुकवायची नाही.

---

टिटवी

पाणंद, तुम्ही दोघं सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

४०० मिमीला १/१२५ म्हणजे स्थिर हातालाही कठीण, आणि तेव्हा तुमचे हात स्थिर नसणारच. छाती धडधडते तेव्हा बोटं थरथरतात, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तेवढं सगळं झेलू शकत नाही. मी कॅमेऱ्यातली सी१ ही जागा (आपल्या सेटिंग एकत्र साठवून ठेवायची सोय) अशा वेळेसाठीच राखून ठेवली आहे. मॅन्युअल मोड, शटर १/१०००, लेन्सचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर, आयएसओ ऑटो आणि त्याला १२८०० ची मर्यादा. गवा किंवा अस्वल असं काळं अंग असेल तर कॅमेरा फोटो उगाच उजळवतो आणि त्यासाठी आयएसओ वाढवतो, म्हणून एक्सपोजर (फोटोतला उजेड) पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये तो नंतर उचलता येतो. फोकस सतत पाठलाग करणारा, प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय चालू. शटर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आवाज नाही. फ्लॅश बंद, बीप बंद, आणि फोकसला मदत करणारा तो छोटा दिवाही बंद! हा शेवटचा हमखास विसरला जातो आणि अंधारात नेमका जनावराच्या डोळ्यांत जातो.

लेन्सवर फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) असेल तर तो पूर्ण पल्ल्यावर ठेवा. पाखरांसाठी आपण लांबचा पल्ला निवडून ठेवतो आणि जवळ काही आलं की लेन्स नुसती घरघरत बसते.

एक गोष्ट सेटिंगमधलीच, पण सुरक्षेची. फोटो काढल्यावर तो स्क्रीनवर आपोआप दिसतो ते बंद करून टाका. त्या दोन सेकंदांत नजर जनावरावरून हटते.

---

नीलकंठ८१

टिटवीताईंच्या यादीला +१. सी१ ची कल्पना उत्तम. वाचनखूण साठवली.

---

रातवा

धागाकर्त्यांना एक विचारू का? फोटोत गव्याचा नेमका किती भाग आला आहे?

---

पाणंद

आडवा फोटो आहे. नाकापासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत. मागचं धड बाहेर गेलंय, शिंगांची टोकंही वर कापली गेलीत. लांबून असं जवळचं चित्र मिळालं म्हणून मी तर खूश होतो.

---

रातवा

मग हा हिशेब करून बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. अंतराला ३६ ने गुणायचं आणि लेन्सच्या मिमीने भागायचं, की त्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. ४०० मिमीला ३० मीटरवर २.७ मीटर मावतात. म्हणजे गवा खरंच ३० मीटरवर असता तर जवळजवळ सगळा फ्रेममध्ये आला असता. तुमच्या फोटोत आहे नाक ते खांदा, सव्वा मीटर धरा. उलटा हिशेब मांडला की अंतर निघतं १४ मीटर.

तुमच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी.

तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं की सगळ्यांचीच अशी फसगत होते. डोळ्यासमोर चौकट आली की आपण तिच्या अलीकडे, सुरक्षित, असं मनाला वाटायला लागतं. मोबाइलचं तर आणखी वाईट. त्याची नेहमीची लेन्स मुळातच रुंद असल्यामुळे जनावर असतं त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतं, आणि माणूस ते मोठं दिसावं म्हणून पुढे सरकत राहतो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात बायसनपासून किमान २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर, आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर अंतर राखायचा नियम आहे. तिथे २००० ते २०१५ या काळात बायसनमुळे जखमी झालेल्या २५ जणांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांतले जवळजवळ निम्मे त्या क्षणी फोटो काढत होते. ज्यांच्या बाबतीत अंतराची नोंद होती त्यांची सरासरी निघाली सुमारे साडेतीन मीटर. बायसन ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतो, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. गवा त्याच्याच कुळातला. १४ मीटरवर तुमच्या हाती किती वेळ होता याचा विचार करा.

---

गवतफूल

माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे. तुमचा हिशेब वाचून अंगावर काटा आला, कारण मी दोन वर्षांपूर्वी हत्तींचे फोटो असेच पुढे सरकत सरकत काढले होते. मोबाइलवाल्यांनी काय करावं? अजिबात काढूच नये का?

---

टिटवी

काढा की, पण मोबाइल डोळ्यांसमोर धरू नका. छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, व्हिडिओ सुरू करायचा आणि आपण थेट जनावराकडे बघायचं, स्क्रीनकडे नाही. झूम तिप्पट किंवा पाचपट, जे आधीच ठरवलं असेल ते. चौकट थोडी वाकडी येईल, येऊ दे. फोर-के व्हिडिओतून नंतर एक चित्र वेगळं काढलं तर ते आठ मेगापिक्सेलचं मिळतं, तेवढं पुष्कळ झालं. महत्त्वाचं असं, की डोळे मोकळे राहतात आणि पाय मागे घेताना कुठे दगड, कुठे मुळी ते कडेच्या नजरेला कळतं.

सेल्फी मात्र कधीच नाही. सेल्फीसाठी जनावराकडे पाठ करावी लागते.

अंतराचा अंदाज घ्यायला एक सोपी रीत आहे. हात ताठ लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. अख्खं जनावर अंगठ्यामागे झाकलं गेलं तर अंतर बरं. तीन मीटर लांब गवा अंगठ्याच्या रुंदीत मावायचा तर तो साधारण ९० मीटरवर हवा. अर्थात वळणावर समोर आलेल्या जनावरासमोर अंगठा धरत बसायचं नसतं, तिथे आधीच उशीर झालेला असतो. मोकळ्या माळावर, लांबून दिसलं तेव्हाची ही गोष्ट.

---

धुकं

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी पंधरा वर्षं फोटो काढतोय. इतकं अंतर, इतके नियम पाळले तर चांगला फोटो मिळणार कसा? जनावर थेट लेन्समध्ये बघतंय, कान टवकारलेत, हा क्षण फार मोलाचा असतो. एकदम हालचाल न करता, आवाज न करता उभं राहिलं तर बहुतेक जनावरं बघून निघून जातात. माझा तरी अनुभव असा आहे.

---

रातवा

धुकं, तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही. बहुतेक वेळा जनावर निघूनच जातं, म्हणून तर आपण सगळे इथे लिहायला आहोत. पण तुम्ही ज्याला मोलाचा क्षण म्हणता त्याबद्दल माझं मत उलट आहे आणि ते मला ठासून मांडायचं आहे. जनावरानं चरणं थांबवून मान वर केली, कान तुमच्याकडे वळवले, म्हणजे त्यानं स्वतःचं काम सोडलं. ते आता तुमचा हिशेब करतंय. तो फोटो चांगला दिसतो खरा, पण त्यात तुम्ही किती जवळ गेलात याचीच नोंद असते. मला जनावर त्याच्या कामात असलेला फोटो जास्त आवडतो. तो मिळायला लांब लेन्स आणि वेळ लागतो, धाडस लागत नाही.

शांत उभं राहण्याचंही सगळीकडे सारखं नाही. अस्वलाचे हल्ले बऱ्याचदा ते दचकल्यामुळे होतात. जमीन उकरण्यात, मुंग्या-वाळवी खाण्यात ते गुंग असतं आणि माणूस पार जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. तिथे हलक्या, संथ आवाजात बोलत मागे सरकायचं, म्हणजे हा माणूस आहे आणि जातो आहे एवढं त्याला कळतं. फोटोग्राफरला शांतता हवी असते, पण ओढ्याच्या आवाजात, उलट्या वाऱ्यात, दाट झुडपांत चालताना तीच अंगाशी येते. अशा वाटेवर मी मुद्दाम बोलत चालतो. फोटो जातात, जाऊ देत.

---

अश्मक

सगळीकडे ‘पळू नका’ असं वाचतो. पाणंद यांना मित्रानं ओढून नेलं ते चुकलं का मग?

---

रातवा

नाही, बरोबर केलं. ‘पळू नका’ हे बिबट्या, वाघ, अस्वल यांच्यासाठी. त्यांना पाठ दाखवून पळालं की पाठलागाची ऊर्मी जागी होते. तिथे उभं राहायचं, खाली वाकायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही, लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्यायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे जायचं. बसून, खालच्या कोनातून फोटो छान येतो हे खरं, पण बिबट्यासमोर बसलेला माणूस लहान दिसतो.

गवा, हत्ती, रानडुक्कर यांना तुम्हाला खायचं नसतं, तुम्ही तिथून जायला हवे असता. तेव्हा निघायचं. मध्ये जाड खोड, मोठा दगड, वळण, जे मिळेल ते आणायचं. नजरेआड झालात की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो. मात्र हत्तीशी शर्यत लावता येत नाही. तो ताशी २५ किलोमीटरपर्यंत जातो आणि झाडीतून सरळ येतो, आपल्याला झुडपं चुकवावी लागतात. म्हणून हत्तीच्या बाबतीत अंतर आधीपासूनच मोठं हवं. कान पसरून, डोकं उंच करून, धूळ उडवत येतो तेव्हा बऱ्याचदा नुसता धाक घालतो आणि थांबतो. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून येतो तेव्हा तो थांबायला येत नाही. पण हा फरक व्ह्यूफाइंडरमधून ओळखत बसू नका. दोन्ही वेळा निघायचंच असतं. कानशिलाजवळून स्राव ओघळताना दिसला तर तो मदात आहे, कॅमेरा काढूही नका.

सापाचं सोपं आहे. त्याच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवलं की तो पोहोचत नाही. मोबाइल पुढे करून क्लोजअप घेणाऱ्यांचा हात मात्र त्या अंतराच्या आत गेलेला असतो.

---

गवतफूल

रातवा, हे सगळं तुम्ही वेगळा धागा काढून लिहा ना. फार उपयोगी आहे.

---

नीलकंठ८१

एक घटना सांगावीशी वाटते, कारण ती या धाग्याशी अगदी जवळची आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात एकट्यानं फिरणाऱ्या एका पदयात्रीचा ग्रिझली अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या उद्यानाच्या इतिहासातला अस्वलामुळे झालेला तो पहिला मृत्यू. त्याच्या कॅमेऱ्यात त्या अस्वलाचे २६ फोटो मिळाले, सुमारे आठ मिनिटांत काढलेले, अंदाजे ५० यार्डांवरून, म्हणजे ४५ मीटर. सुरुवातीच्या फोटोंत अस्वल आपलं चरतंय, त्याला माणसाची जाणीवच नाही. शेवटच्या काही फोटोंत त्याचं वागणं बदललेलं दिसतं. तेव्हा तिथे अस्वलापासून पाव मैल, म्हणजे ४०० मीटर लांब राहायचा नियम होता.

गेलेल्या माणसाला नावं ठेवण्यासाठी हे लिहिलं नाही. तोही आपल्यासारखाच जंगलावर प्रेम करणारा होता. पण हे वाचल्यापासून मी घरी आल्यावर फोटो नुसते निवडत नाही, क्रमानं बघतो. जनावरानं मला पहिल्यांदा कधी पाहिलं? त्यानंतर मी किती फोटो काढले? पाणंद, तुमचे अकरा फोटो हललेले असले तरी क्रमानं बघा. कान, मान, शेपूट. वेळेची नोंद फाइलमध्ये असतेच.

---

धुकं

वाचून सुन्न झालो. माझे जुने फोटो मीही काढून बघतो आज.

---

टिटवी

नीलकंठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडूनच एक. मिचिओ होशिनो हे जपानी वन्यजीव छायाचित्रकार, अस्वलांच्या फोटोंसाठी जगभर नाव असलेले. ऑगस्ट १९९६ मध्ये रशियातल्या कामचाटकात कुरील सरोवराकाठी रात्री तंबूत असताना अस्वलानं त्यांना नेलं. त्या वेळी ते फोटो काढतही नव्हते. त्या अस्वलाला माणसांच्या अन्नाची चटक लागलेली होती. फोटोसाठी खाऊ टाकून जनावर जवळ बोलावणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. खाऊ टाकणारा माणूस निघून जातो, जनावराची भीड मोडलेली राहते, आणि पुढच्या वेळी तिथे दुसराच कोणीतरी असतो.

आणि फोटो टाकताना त्यातली जागेची नोंद काढून टाका. शिकारीही फोटो बघतात. शिवाय ‘इथे हमखास दिसतो’ असं कळलं की दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर वीस माणसं उभी.

---

अश्मक

ट्रायपॉडबद्दल कुणी बोललं नाही. पायवाटेवर ट्रायपॉड लावून मागे पाठपिशवी उघडी टाकली की माघारीची वाट आपणच अडवलेली असते. माझा तसा पाय अडकला होता, पुढे रानडुक्कर होतं, पिल्लांसह. ती बाजूनं निघून गेली, मी मात्र चांगलाच आपटलो. तेव्हापासून पाय मागे टाकायची वाट आधी बघतो, मगच कॅमेरा. आणि पट्टा गळ्यात नाही, खांद्यावरून तिरका.

---

टिटवी

अश्मक, अनुमोदन. दोघं असाल तर आणखी एक पाळा. एकानं फोटो काढायचा, दुसऱ्यानं फक्त बघायचं. दोघांनी एकाच वेळी कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही. बघणाऱ्यानं ‘चल’ म्हटलं की वाद न घालता निघायचं, आणखी एक फोटो नाही. पाणंदचा मित्र नकळत तेच करत होता.

---

पाणंद

उशिरा लिहितोय, क्षमस्व. काल रात्री बसून फोटो क्रमानं पाहिले.

पहिले दोन फोटो: मान खाली, तोंड गवतात. ६ वाजून १७ मिनिटं ८ सेकंद. तिसऱ्यात मान वर आहे आणि दोन्ही कान माझ्याकडे. वेळ १७ मिनिटं १२ सेकंद. म्हणजे चौथ्या सेकंदालाच त्याला मी कळलो होतो. चौथा आणि पाचवा तसेच. सहाव्यात नाक उंचावलंय, वास घेत असणार. सातव्यापासून तो आडवा व्हायला लागतो आणि आठ, नऊ, दहा या तिन्हींत त्याची पूर्ण बाजू माझ्याकडे आहे. तेव्हा मला वाटलं होतं की तो निघाला, आता बाजूनं सुरेख फोटो मिळेल. अकराव्यात डोकं खाली, बाकी काही कळत नाही इतका हललाय. त्याची वेळ १७ मिनिटं ४९ सेकंद.

आणखी एक दिसलं, ते लिहू की नको असं झालं होतं. मी पहिल्या पोस्टमध्ये लेन्स पूर्ण ४०० वर होती म्हणालो. ती पहिल्या फोटोंत होती. आठव्यात ३४० आहे, अकराव्यात २८०. तरीही तो फ्रेममध्ये तेवढाच मोठा दिसतो. झूमची कडी माझ्याच हातानं फिरली आहे आणि मला ते अजिबात आठवत नाही. रातवांच्या हिशेबानं मांडलं. २८० ला अंतर येतं दहा मीटरच्या आत.

---

रातवा

आडवं होणं म्हणजे निघणं नव्हे. गवा बाजू दाखवतो ती स्वतःचा आकार दाखवायला, ताठ पायांनी, हळूहळू. बायसनही असंच करतो. तिथून एकतर समोरचा माघार घेतो, नाहीतर डोकं खाली जातं. तुमच्या मित्राला कोणीतरी आधी सांगितलं होतं का हे?

---

पाणंद

नाही. त्याला आज विचारलं, की तू मला नेमकं तेव्हाच का ओढलंस. त्याला बाजू दाखवणं वगैरे काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “वाटेच्या कडेला एक पडलेलं खोड होतं. आपण आलो तेव्हा गवा त्याच्या पलीकडे होता. ओढलं तेव्हा अलीकडे.”

ते खोड माझ्या एकाही फोटोत नाही.

टिटवीताई, सी१ तुमच्या यादीप्रमाणे लावून ठेवली आहे, फोटो दाखवणंही बंद केलंय. पुढच्या वेळी मित्र बघणार आणि मी काढणार, की उलट, ते निघण्यापूर्वी ठरवू. अकरापैकी पहिला फोटो तेवढा ठेवला, बाकीचे पुसले. तोही हललेलाच आहे, पण त्यात तो चरतोय.